दारातला कडू पाला

गोंदिया, ४ मार्च १९५७

वच्छला हिस यादोरावाचा आशीर्वाद. घ्यायचा नसेल तर नुसता रामराम घे.

हे अक्षर तू ओळखणार नाहीस, कारण आपली शेवटची भेट झाली तेव्हा मला अक्षरच नव्हतं. पुढं मालधक्क्यावर पोती उचलता उचलता स्टेशनाच्या पाट्या वाचत शिकलो. म्हणून अजून माझं अक्षर पाटीसारखं मोठं पडतं आणि कागद लवकर संपतो.

तेरा वर्षांनी आज पत्र का, ते आधी सांगतो. परवा शिवरात्रीला आपल्या नागऱ्याच्या यात्रेत गेलो होतो. देवळासमोर ही गर्दी. तळ्याच्या बाजूला मात्र एक माणूस सतरंजीवर लहान लहान पुस्तकं मांडून एकटाच बोलून राहिला होता. ऐकायला एक कुत्रं आणि दोन म्हाताऱ्या, त्याही सावलीसाठी बसलेल्या. मी पुढं निघालोच होतो. पण माझे कान तुला ठाऊक आहेत. गिरणी चालू असली तरी पलीकडच्या खोलीत कोणी माझं नाव घेतलं तर मला ऐकू येतं. तो माणूस म्हणाला, ‘‘आमच्या महारोग्यांच्या आश्रमात एक बाई आहेत, याच मुलखातल्या. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेब म्हणाले, चांगलं नाव घे, शांती घे, करुणा घे. तर म्हणाल्या, माझं नाव मारा ठेवा. मारा म्हणजे कडू.’’

मी परत फिरलो. विचारलं, ‘‘बाईच्या बापाचं नाव काय जी?’’

तो म्हणाला, ‘‘उदाराम.’’

मी तिथंच धुळीत बसलो. लोकांना वाटलं उन्हाची भोवळ आली. एकानं कांदा फोडून नाकाला लावला.

त्या माणसाचं नाव ईश्वरदास. भला दिसतो. त्यानंच सांगितलं की तू लिहितेस-वाचतेस. मला तुमच्या पोथीतलं काही कळत नाही, मी धान जाणतो. पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या शास्त्रात कडूचा अर्थ काय? आणि सगळी नावं सोडून तू हेच का घेतलंस?

उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा सोबत आहे.

तुझा भाऊ,
यादोराव

———

मिशन आश्रम, २९ मार्च १९५७

यादोराव उदाराम यांस मारा हिचा सलाम.

पत्र मिळालं. तुमचा लिफाफा वापरला नाही. माझ्याकडे आहेत.

हे पत्र धरायला चिमटा शोधू नका म्हणून आधी सांगते, मी बरी आहे. दोन वर्षं झाली, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे, त्यावर शिक्का आहे. डाव्या हाताची दोन बोटं वळली ती तशीच राहतील. उजव्यानं लिहिते आहे. ड्रेसिंगच्या खोलीत मला काम दिलं आहे. रोज साठ माणसांच्या पट्ट्या होतात.

तुम्ही अर्थ विचारलात. ईश्वरदास गोष्ट छान सांगतात, पण गर्दी पांगायच्या भीतीनं अर्धीच सांगतात. नामी नावाची एक बाई होती. दुष्काळात नवरा आणि दोन मुलगे घेऊन परमुलखात गेली. तिथं तिघंही वारले. दहा वर्षांनी एका विधवा सुनेला घेऊन ती गावी परतली, तर गावच्या बाया गोळा झाल्या, म्हणाल्या, ही आपली नामीच का? नामी म्हणजे गोड, मनाला आवडणारी. ती म्हणाली, ते नाव घेऊ नका, मारा म्हणा. इथून भरलेली गेले होते, देवानं रिकामी आणली.

गोष्टीत लोक त्या कडूपणाकडे बघतात. मी दुसरंच बघत बसले. ती परत आली आणि बाया तिच्याभोवती जमल्या.

तुमचा दुसरा प्रश्न, नाव का घेतलं. नामीनं सगळ्या गावासमोर देवावर ठपका ठेवला आणि देव तिच्यावर रागावला नाही. म्हणजे आमच्या शास्त्रात कडू बोलायला बंदी नाही, झाकून ठेवायची सक्तीही नाही. मला हे बरं वाटलं. माझ्याकडे दुसरं काही भरलेलं नव्हतं, एवढंच होतं, तेच नावाला लावलं.

माय कशी आहे? तिचे गुडघे?

मारा

———

गोंदिया, १९ एप्रिल १९५७

वच्छला,

तुला मारा म्हणून हाक मारणं मला जमायचं नाही. कागदावर लिहून पाहिलं. दुसऱ्याच कोणाला पत्र चाललंय असं वाटलं, म्हणून तो कागद टाकला.

माय गेली. सहा वर्षं होतील श्रावणात. दोन दिवसांचा ताप, फार त्रास झाला नाही. बाबा तिच्या दोन वर्षं आधी गेले. तुला कळवलं नाही, कारण पत्ता नव्हता.

आता माझं सांगतो. तू गेलीस त्याच दिवाळीला मी नागरा सोडलं. स्टेशनावर हमाली केली, मग मुकादम झालो, मग धान भरडायचा एक मोडका हलर घेऊन तो उभा केला. आज भाताची गिरणी आहे, इंजिन माझं, पट्टा माझा. इथं सगळा हिंदी कारभार. लोक येतात, म्हणतात, ‘‘सेठजी, धान एकदम सूखा है.’’ मी मूठभर घेतो, कानाशी हलवतो आणि म्हणतो, ‘‘भैया, तू म्हणतोस सूखा, पण धान काही वेगळंच बोलून राहिला.’’ हसतात. हसले की पोतं परत उन्हात घालतात.

लग्न केलं होतं. सावित्रीबाई भली होती. मागच्या पौषात गेली. मूलबाळ नाही. आता मी एका माणसाचा भात टाकतो. दिवसाला इतकी पोती भरडणाऱ्या माणसाला एका माणसापुरते तांदूळ घेता येत नाहीत, हात सवयीनं दुसऱ्यांदा पिंपात जातो. मग उरतो. मग कावळ्यांना घालतो. गल्लीतले कावळे चांगले पोसले आहेत.

ईश्वरदासला मुद्दाम गिरणीवर बोलावलं, चहा पाजला. त्यानं तुमची आणखी एक गोष्ट सांगितली. लोक रानात तीन दिवस तहानेले चालले, पाणी सापडलं ते कडू, जागेचं नावही माराच. मग देवानं एक झाड दाखवलं, ते पाण्यात टाकलं आणि पाणी गोड झालं. मी विचारलं, कोणतं झाड? तो म्हणाला, नाव लिहिलेलं नाही. असं कसं? एवढं काम केलं त्या झाडानं, आणि नाव नाही? तू नीट शोध. गिरणीमागच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, मलाही उपयोग होईल.

दिवाळीला ये. चार दिवस ये, नाही तर कायमची ये. इथली एक खोली रिकामीच आहे.

यादोराव

———

मिशन आश्रम, २ मे १९५७

यादोराव यांस,

मायचं कळलं.

त्या श्रावणात मी काय करत होते ते आठवून पाहिलं. त्याच्या आधी आम्हाला कडू कवठाच्या तेलाची सुई असायची, मंगळवारी आणि शुक्रवारी. जागा सुजायची आणि थोड्या वेळानं सगळं तोंड कडू व्हायचं, जेवण जात नसे. मग पांढऱ्या गोळ्या आल्या. सुई बंद झाली त्या दिवशी आम्ही बाया चिंचेखाली बसून इतक्या हसलो, इतक्या हसलो की मेट्रनबाई बाहेर आल्या. तो श्रावणच होता. माय गेली तेव्हा मी हसत होते.

झाडाचं नाव खरंच लिहिलेलं नाही. मी पाहिलं. पाहता पाहता आणखी एक दिसलं. ते लोक तहानेनं मरायला टेकले होते, तरी पाणी कडू आहे असंच म्हणाले. पाणी नव्हतं असं कोणी म्हटलं नाही.

तुम्ही म्हणता, पत्ता नव्हता. आश्रमाच्या फाटकाशी मला तुम्हीच सोडलंत. बाबा गाडीपाशी थांबले, तुम्ही माझं बोचकं घेऊन फाटकापर्यंत आलात. वरची पाटी तुम्हाला तेव्हा वाचता येत नव्हती हे कबूल, पण वाट पायाखालची होती.

फाटकाशी तुम्ही म्हणाला होता, रडू नको, दिवाळीले न्यायले येतो. भाऊबीज घरीच होईल. मी तीन दिवाळ्या ताट घेऊन फाटकाशी बसले. तिसऱ्या वर्षी दिव्यात तेल घालून पहारेकऱ्यालाच ओवाळलं, तो बिचारा रडला. चौथ्या वर्षी बाप्तिस्मा घेतला.

तुमची खोली रिकामी आहे म्हणून मी यायचं का? आधी एकाच गोष्टीचं उत्तर द्या, मग पुढचं बोलू.

दादा, तू काऊन नाही आला?

———

गोंदिया, ११ सप्टेंबर १९५७

वच्छला,

तुझ्या पत्राला चार महिने झाले. चार पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. हे पाचवं. हेही वाचून पाहिलं तर चुलीतच जाईल, म्हणून वाचणार नाही. सरळ पेटीत टाकतो.

तुले फाटकाशी सोडून बाबा नि मी परत आलो. घराशी आलो तर आंगणात काका, काकांचा टिकाराम, भावकीतले आणखी दोघं उभे. दारात पाण्याचा हंडा. मले वाटलं, हातपाय धुवायला ठेवला. बाबा म्हणाले, ‘‘यादो, निंबाची फांदी तोड.’’

मसणातून आल्यावर आपल्याकडं दारात काय करतात ते तुले माहीत आहे. अंगावर पाणी घ्यायचं, कडूनिंबाचं पान चावायचं, थुंकायचं, चूळ भरायची, मग घरात पाय. मेलेल्याशी जे काही होतं ते तिथं दाराबाहेर थुंकून यायचं.

मी म्हटलं, ‘‘कोण मेलं, बाबा?’’

बाबा म्हणाले, ‘‘फांदी तोड.’’

सगळ्यात उंच मीच होतो. मी तोडली. पानंही मीच वाटली, परसाद वाटावा तशी, एकेकाच्या हातावर. सगळ्यांनी चावली, सगळे थुंकले. मीही थुंकलो. हळू नाही थुंकलो, वच्छला. बाबा माझ्याकडंच पाहून राहिले होते, म्हणून त्यांना ऐकू जाईल इतक्या जोरानं थुंकलो.

आता सांग, ज्या बहिणीच्या नावानं चूळ भरली तिच्यासमोर ओवाळून घ्यायला कोणत्या तोंडानं बसायचं? तरी दिवाळीले निघालो होतो. स्टेशनात आलो. तुझ्या आश्रमाकडं जाणारी छोटी रेल्वेगाडी उभी होती, पाऊण तास उभी होती. सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावर होतो. मग नागऱ्यालाही जाववेना, मालधक्क्यावरच झोपलो आणि सकाळी पोतं उचललं. लोक म्हणतात, यादोरावनं हिंमत केली, घर सोडून शहरात नाव काढलं. हिंमत कसली, मी गाडीत चढलो नाही एवढंच झालं.

बाबा गेल्यावर तरी यायचं होतं. तोपर्यंत तू मेलेली असण्याची मले सवय झाली होती. यापेक्षा वाईट मी आजवर काही लिहिलं नाही.

आता पुढचं. नागऱ्याच्या केवळराम म्हाताऱ्याला अशा विधींचं सगळं कळतं. त्याला जाऊन विचारलं, जित्या माणसाचं असं झालं असेल तर त्याला परत घेता येते का? तो म्हणाला, येते, पण नव्यानं जन्मल्यासारखं करा. न्हाऊ घाला, पाळण्यात घाला, नाव ठेवा. मी म्हटलं, बाबाजी, बत्तीस वर्षांची बाई आहे. त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, पाळणा राहू द्या मग, सुपात पाय ठेवले तरी चालते.

तू म्हणशील ते नाव ठेवतो. यायचं नसेल तरी नाव कळव.

यादो

———

मिशन आश्रम, ६ ऑक्टोबर १९५७

दादा,

पत्र वाचल्यावर आठ दिवस मी पट्ट्या बांधताना चुकत राहिले. मेट्रनबाईंनी जीभ बघितली.

इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही विसरलात. घर मोठं, कामं खूप, माणूस विसरतं. ते विसरणं मी माफ करून ठेवलं होतं. हे तर तुम्ही रांगेत उभं राहून, पानं वाटून केलंत.

तू मला पहिल्या पत्रात कडूचा अर्थ विचारला होता आणि मी तुला शाळेतल्या मुलीसारखं उत्तर दिलं. आता खरं लिहिते. गुलामीतून निघायच्या वेळी देवानं आपल्या लोकांना एक जेवण लावून दिलं. कंबर बांधून, पायात वहाणा घालून सगळ्या घरानं एकत्र जेवायचं आणि ताटात कडू पाला घ्यायचाच. सोसलं ते विसरायचं नाही म्हणून दर वर्षी घ्यायचा. मुलं विचारतात, हा पाला कायले? मग म्हातारे सांगतात. पण दादा, तो पाला कोणी थुंकत नाही. गिळतात. मी हे वीस वेळा वाचलं असेल, तुझं पत्र येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

येशूला वधस्तंभावर चढवलं तेव्हा पित्त मिसळलेला द्राक्षारस पुढं केला होता. चाखून त्यानं तो घेतला नाही. पाद्रीसाहेब म्हणतात, दुखणं कळू नये म्हणून तसं देत. बधिर होणं काय असतं ते मला विचार. इथं बोट चुलीत जळतं आणि वास आल्यावर माणसाला समजतं की आपलंच आहे. दुखतंय तोवर बोट आपलं. तुझं पत्र वाचून दुखलं. म्हणून हे लिहिते आहे, नाही तर लिहिलं नसतं.

आमच्या शास्त्रात एक ताकीदही आहे, मनात कडूपणाचं मूळ रुजू देऊ नका, ते फुटलं की पुष्कळांना विटाळतं. साठ माणसांना हात लावणारी बाई मी, मला ते ठेवून चालायचं नाही. उपटायला मी तयार आहे. पण एक कळल्याशिवाय हात घालवत नाही.

बाबांचं मला माहीतच होतं. तुझं आता कळलं. माय त्या रांगेत होती का? ती थुंकली का? माझं मन राखायला लिहू नको. तू पाठमोरा असलास तरी तुला ऐकू आलं असणार.

तुझी बहीण

———

गोंदिया, १२ ऑक्टोबर १९५७

वच्छला,

माय होती. दाराच्या आत, चौकटीला धरून. तिच्या हातावर पान ठेवताना मी तिच्याकडं पाहिलं नाही, पान ठेवून पाठ फिरवली. पण ऐकलं.

आम्ही सहा जण होतो. बाबा, काका, टिकाराम, भावकीतले दोघं, मी. सहा थुंकण्याचे आवाज आले, मी मोजले. सातवा येईल म्हणून कान लावून थांबलो. तो आला नाही. नुसता गिळल्याचा आला, कोरडं पान गिळताना येतो तसा, अडकत. मग तिनं चूळ भरली आणि ती सगळ्यांदेखत बाहेर टाकली. बाबांना पाणी पडलेलं दिसलं, ते आत गेले.

मी कोणाले बोललो नाही. तीही कधी बोलली नाही. पण पुढं जगली तितकी वर्षं दर दिवाळीला ती सकाळी परसात जाई, निंबाचं एक पान तोडून खाई आणि वरून पाणी पीत नसे. टिकारामची नंदाबाई तेव्हा नवी सून होती. तिनं एकदा विचारलं, ‘‘काकी, हे काय?’’ माय म्हणाली, ‘‘जंतासाठी.’’ घरात सगळे हसले. पुढच्या दिवाळ्यांना मी नागऱ्याला जाई, माय तोंडावरून हात फिरवायला जवळ येई तेव्हा तिच्या तोंडाला तो वास असे. मी म्हणत असे, माय, एवढे कशाचे जंत? ती म्हणे, जुने आहेत.

हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं. पण मायचं न थुंकणं लिहिलं असतं तर माझं थुंकणं लिहावं लागलं असतं. म्हणून पोथीतला अर्थ विचारत बसलो.

यादो

———

मिशन आश्रम, १७ ऑक्टोबर १९५७

दादा,

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी छोट्या गाडीनं येते. तीन दिवस राहीन. कायमची नाही. इथं साठ माणसं सकाळी हात-पाय पुढं करून बसतात, त्यांना माझ्या हाताची सवय आहे.

गोंदियाच्या खोलीत नंतर. आधी नागऱ्याला, त्याच दारात. हंडा भरून ठेव. निंबाची फांदी तोडून ठेव, तूच तोड. सूप, पाळणा काही मांडू नको, केवळरामबाबाला चहा पाजून घरी धाड.

नावाचं विचारलंस. परवा नामीची गोष्ट पुन्हा वाचायला घेतली. ती म्हणाली खरी, मारा म्हणा. पण पुढं त्या सगळ्या गोष्टीत तिला कोणी, एकदाही, मारा म्हणत नाही. गावच्या बाया म्हणत नाहीत, सून म्हणत नाही, लिहिणाराही लिहीत नाही. तिनं एवढं सांगूनही सगळे आपले नामीच म्हणत राहतात. दहा वर्षं मी ते नाव लावते आहे आणि हे मला आत्ता दिसलं.

तूही एकदा म्हटलं नाहीस. मला तेव्हा राग आला होता.

तुझी,
वच्छला

———

गोंदिया, ३ नोव्हेंबर १९५७

वच्छला,

पोचल्याचं कार्ड मिळालं. साठांपैकी कोणी रुसलं होतं का, ते लिहिलं नाहीस.

गिरणीवर सगळ्यांना एकच गोष्ट चार-चारदा ऐकवून राहिलो. टिकाराम दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला, म्हणाला, ‘‘या दारातून नाही.’’ मी पुढं व्हायच्या आधी तू म्हणालीस, ‘‘टिकाराम, तू तर माझ्या मयतीले हजर होता. मग मेलेल्या बाईले दार कायले पाहिजे? सरक, नाही तर भिंतीतून येईन.’’ तो असा बाजूला झाला की हंडा लवंडता लवंडता राहिला. माझा मिस्त्री म्हणतो, सेठजी, ऐसी बहन को इतने साल कहाँ रखा था? मी त्याला म्हणतो, पट्टा बघ, सैल झाला आहे.

दारातलं मात्र मी कोणाला सांगत नाही. तू पान चावलंस आणि गिळलंस. मी चावलं आणि थांबलो. तोंडाला सवय एकच होती, तेरा वर्षांपूर्वीची. तू माझ्याकडं पाहत होतीस. त्या दिवशी बाबांनी पाहिलं होतं त्याच जागेवरून, पण तसं नाही. मी गिळलं. अडकत गेलं. तो आवाज मी आधी एकदाच ऐकला होता. मग तू वळलेल्या बोटांनी ताट धरलंस, दिवा कलता होता तरी पडला नाही, आणि नंदाबाईनं कोणी न सांगता टिकारामसाठी दुसरा पाट आणून मांडला.

गाडी सुटली तेव्हा मी फलाटावर थांबलो. माझी जागा तीच आहे, बघ. पण या वेळी गाडीत कोण आहे ते माहीत होतं.

घरी आलो. दोघांचा भात टाकायची तीन दिवसांत हाताला सवय लागली होती, पुन्हा उरला. तुझी खोली झाडायला गेलो नाही, असू दे तशीच. जिभेवर तो कडूपणा तू गेल्यावरही दोन दिवस राहिला. भाताला, चहाला, सगळ्याला तीच चव. मी सावकाश जेवत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि जिभेवर काही नव्हतं. साधं पाणी लागलं. बरं वाटलं नाही.

इंजिन सुरू न करताच सायकल काढली आणि नागऱ्याला गेलो. परसात जाऊन एक पान तोडलं, खाल्लं. वरून पाणी प्यायलो नाही. मागं वळलो तर नंदाबाई शेणाची पाटी घेऊन उभी.

म्हणाली, ‘‘भाऊजी, हे काय?’’

मी म्हटलं, ‘‘जंतासाठी.’’

तुझा दादा,
यादो